हिप रिव्हिजन: मोठा सिरॅमिक बॉल की ड्युअल मोबिलिटी?

वय चाळीसच्या आत आणि हिपचा म्हणजे खुब्याचा सांधा दुसऱ्यांदा बदलायचाय (यालाच रिव्हिजन म्हणतात), म्हणजे पुढची तीसेक वर्षं तरी यावर काढायचीत, त्यामुळे प्रश्न मुख्य दोनच, झिजणार किती आणि निखळणार का.

सिरॅमिक बॉल आणि क्रॉसलिंक्ड पॉलीचा (जास्त टिकाऊ केलेल्या पॉलीइथिलीन प्लास्टिकचा) लायनर, म्हणजे कपाच्या आतलं अस्तर, झिजेच्या बाबतीत भारीच, जुन्या प्लास्टिकचे बारीक कण हाड पोखरायचे ते इथे खूप कमी होतं. पण मांडीच्या हाडातला जुना दांडा घट्ट असेल तर तो सहसा काढत नाहीत, त्याच्या टोकावर आधीचे ओरखडे असतात, म्हणून मधे टायटॅनियमची टोपी घालून मग सिरॅमिक बसवतात, नाहीतर तडकायची भीती. आणि हो, आधीचा सिरॅमिक बॉलच फुटला असेल तर परत धातूचा नको, मागे राहिलेला चुरा त्याला पॉलिश पेपरसारखा खरवडतो.

ड्युअल मोबिलिटी 1970 च्या दशकात फ्रान्समधे जिल बुस्के यांनी काढली. छोटा बॉल पॉलीच्या मोठ्या बॉलमधे, तो परत कपमधे फिरतो, म्हणून वाकून बुटाची लेस बांधताना सांधा सहज सटकत नाही. स्नायू कमजोर झालेत, आधी दोनदा निखळलाय, तर माझं मत याच बाजूला. पण घासायच्या जागा दोन होतात, आणि काही मॉडेल्समधे टायटॅनियम कपात कोबाल्ट-क्रोमचा लायनर असतो, तिथे गंजाचा विषय येतो. क्वचित छोटा बॉल मोठ्यातून बाहेर पडतो, मग परत ऑपरेशन टेबल.

स्नायू शाबूत असतील आणि कधी निखळलाच नसेल तर 36 मिमीचा सिरॅमिक पुरे की.