मोटरहोम घेताना: बाहेर गेलेली खोली आणि टेकलेले जॅक परत कसे येतात?

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांत मोटरहोम, म्हणजे चाकांवरचे घर, विकत घेण्याचा विषय बहुधा भाड्याच्या गाडीतून केलेल्या एखाद्या सहलीनंतर निघतो. भारतातून आईवडील आलेले असतात, यलोस्टोनची दहा दिवसांची फेरी सुखरूप पार पडलेली असते आणि परतल्यावर जुन्या गाड्यांच्या जाहिराती पाहण्याचा नाद लागतो. झोपण्याच्या जागा, इंजिन आणि झालेले मैल यांची तुलना सगळेच करतात. गाडी समपातळीत आणणारे जॅक, म्हणजे गाडीखालचे खाली-वर होणारे पाय, कोणत्या जातीचे आहेत आणि भिंतीसह बाहेर सरकणारी खोली, म्हणजे स्लाइड-आउट, कशावर चालते, हे मात्र जाहिरातीत एका ओळीत उरकलेले असते.

या यंत्रणा निवडताना माझी कसोटी एकच आहे. जॅक खाली गेलाच नाही तर चाकाखाली फळी सारून रात्र निभावते, आणि स्लाइड बाहेर गेलीच नाही तर चार दिवस कोपराला कोपर लावून जेवावे लागते. पण टेकलेला जॅक वर येत नाही किंवा बाहेर गेलेली खोली आत शिरत नाही, तेव्हा आख्खे घर जागचे हलत नाही, आणि कॅम्पग्राउंडवरची ती जागा दुपारनंतर दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर असते. म्हणून कोणती यंत्रणा किती सफाईने बाहेर जाते यापेक्षा, वीज किंवा पंप गेल्यावर ती परत कशी आणता येते, हे आधी पाहावे.

दोष यंत्रणेचा की विजेचा?

तुलनेत शिरण्यापूर्वी एक गैरसमज दूर केला पाहिजे, कारण त्यापायी चांगल्या यंत्रणेलाही दूषणे मिळतात. जॅक आणि स्लाइड, दोन्ही १२ व्होल्टवर चालतात आणि भरपूर विद्युतप्रवाह ओढतात. लेड-ॲसिड बॅटरी पूर्ण भरलेली आणि स्वस्थ असताना सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते, १२.२ च्या आसपास ती निम्मी रिकामी झालेली असते. अशा निम्म्या बॅटरीवर आतले दिवे लख्ख पेटतात, म्हणून मालकाला वीज ठीक आहे असे वाटते. मात्र हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या, यंत्रणेच्या पंपाने जोर लावताच व्होल्टेज कोसळते, आणि नियंत्रक पेटी मोटार वाचवण्यासाठी काम थांबवते. पहिला उपाय म्हणून इंजिन चालू करावे किंवा बाहेरची वीज जोडून चार्जरला तासभर वेळ द्यावा. ज्या गाड्यांत इग्निशनची किल्ली चालू असताना स्लाइड मुद्दामच चालू दिली जात नाही, तिथे अर्थातच दुसरा मार्ग धरावा.

व्होल्टेज मोजायचे ते जॅकची किंवा स्लाइडची मोटार चालू असताना, तिच्या दोन टोकांवर. बॅटरीपाशी १२.५ आणि मोटारीपाशी ९ असा आकडा आला, तर मधल्या तारेत, सांध्यात किंवा चॅसीला जोडलेल्या अर्थच्या बोल्टमध्ये गंज धरलेला असतो. आमच्या पहिल्या गाडीची बेडरूमची स्लाइड एका संध्याकाळी अर्ध्यावर थांबली, तेव्हा दुरुस्तीच्या एका दुकानाने मोटार बदलण्याचा खर्च सांगितला होता. शेवटी अर्थचा बोल्ट सँडपेपरने घासून घट्ट केल्यावर तीच मोटार पुढे तीन वर्षे चालली. जुनी गाडी विकत घेताना ‘स्लाइड बिघडलेली’ असे ऐकून लगेच माघार घेऊ नये, असे मी म्हणतो ते या अनुभवावरून.

कानाचाही उपयोग होतो. बटण दाबल्यावर काहीच आवाज नसेल तर फ्यूज, स्विच किंवा हँडब्रेकशी जोडलेली सुरक्षा-साखळी पाहावी, कारण बहुतेक लेव्हलिंग, म्हणजे गाडी समपातळीत आणणाऱ्या, यंत्रणा हँडब्रेक ओढलेला असल्याशिवाय काम करत नाहीत. नुसतीच ‘टक’ ऐकू आली तर वीज अपुरी आहे किंवा रिले, म्हणजे मोटारीला वीज जोडणारा विद्युत-स्विच, खराब झाला आहे. मोटार फिरते आहे पण खोली हलत नाही, तर दोष दात्यांत, पिनेत किंवा तेलात आहे. इथून पुढे यंत्रणेची जात महत्त्वाची ठरते.

जॅक: तेलावरचे, विजेवरचे आणि हवेवरचे

बसच्या आकाराच्या क्लास ए गाड्यांत हायड्रॉलिक जॅक जास्त दिसतात. एक पंप, एक टाकी, तीन किंवा चार पाय आणि प्रत्येक पायाचा सोलेनॉइड व्हॉल्व्ह, म्हणजे विजेने उघडझाप होणारी झडप, अशी ही रचना असते. वजनदार गाडी ती काही मिनिटांत उचलते. तिचे दुखणे उघड दिसते, हा तिचा गुण आहे: बहुतेक यंत्रणांत लाल रंगाचे ट्रान्समिशन ऑइल असते, त्यामुळे गळती कुठे आहे हे जमिनीवरचा डागच सांगतो. सर्व जॅक वर आणि सर्व स्लाइड आत असतानाच टाकीतील पातळी पाहायची असते. पाय खाली असताना टाकी कमी दिसली म्हणून तेल ओतणारा माणूस पाय वर घेताच ते सगळे जमिनीवर सांडलेले पाहतो. ब्रेक ऑइल तर कधीही घालू नये, त्याने सील फुगतात.

या जॅकचा सर्वांत सामान्य दोष म्हणजे ते सावकाश किंवा अर्धवट वर येणे. अनेक प्रकारांत पाय वर ओढण्याचे काम स्प्रिंग करतात. दांड्यावर चिखल वाळला, स्प्रिंग थकली किंवा थंडीत तेल घट्ट झाले, की पाय रेंगाळतो आणि डॅशबोर्डवरचा इशारा वाजत राहतो. दांडा पुसून सिलिकॉनचा फवारा मारल्यावर यांतील पुष्कळ तक्रारी मिटतात. माझ्या कसोटीवर ही यंत्रणा चांगली उतरते, कारण पंप मेला तरी व्हॉल्व्ह हाताने सैल करून तेलाला परतीची वाट दिली की स्प्रिंग आपले काम करते. मात्र व्हॉल्व्ह सैल करताच गाडी एकदम खाली बसते, तेव्हा त्या वेळी गाडीखाली कोणीही असता कामा नये.

विजेवरच्या जॅकमध्ये प्रत्येक पायाला स्वतंत्र मोटार आणि आतला स्क्रू असतो. क्लास सी, म्हणजे ट्रक किंवा व्हॅनच्या सांगाड्यावर बांधलेल्या मध्यम आकाराच्या गाड्यांत तो सोयीचा पडतो. गळण्यासारखे तेल नाही, उभ्या गाडीचा पाय रात्रीतून खचत नाही, आणि एक मोटार गेली तरी उरलेले तीन पाय चालतात. वेग कमी असतो आणि रस्त्यावरच्या पाण्याने व मिठाने मोटारी खराब होतात, विशेषतः मिनेसोटा किंवा न्यूयॉर्कसारख्या हिवाळ्यात मीठ टाकणाऱ्या राज्यांत वापरलेल्या गाड्यांत. अडलेला पाय ड्रिलने किंवा पान्याने फिरवून वर घेता येतो. पण त्यासाठीचे षटकोनी टोक कुठे आहे आणि तिथपर्यंत हात पोहोचतो का, हे गाडीखाली वाकून पाहिल्याशिवाय कळत नाही.

हवेच्या फुग्यांवर तोलणारी तिसरी पद्धत मोठ्या डिझेल गाड्यांत असते. रस्त्यावरच्या सस्पेन्शनचेच फुगे ती वापरते, म्हणून अडकून बसण्याचा धोका जवळपास नाही. पण उतार जास्त असेल तर ती कमी पडते, आणि फुगा किंवा सांधा झिरपत असेल तर सकाळी गाडी एका अंगावर कललेली मिळते. साबणाचे पाणी लावले की बुडबुडे जागा दाखवतात.

आणि काहीच नसेल तर? प्लॅस्टिकचे ठोकळे आणि गवंड्याची पाणसळ. छोट्या गाडीला एवढे पुरते. समपातळीचा आग्रह मुख्यतः शोषण-पद्धतीच्या, गॅसवरही चालणाऱ्या फ्रिजसाठी असतो: त्यातील अमोनियाचे द्रावण उतारानेच परत वाहते, आणि गाडी फार कललेली असेल तर ते अडकून बॉयलर, म्हणजे द्रावण उकळवणारा भाग, जास्त तापतो व फ्रिज कायमचा निकामी होऊ शकतो. अशा अनेक फ्रिजना आडव्या दिशेने ३ अंश आणि पुढून मागे ६ अंशांपर्यंतचाच कल चालतो. नव्या गाड्यांत १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर-फ्रिज असेल तर ही चिंता उरत नाही, आणि महागड्या स्वयंचलित लेव्हलिंगसाठी जास्त पैसे मोजण्याचे मोठे कारणही उरत नाही.

जॅक कोणताही असो, मागची चाके जमिनीवरून उचलली जाऊ नयेत. हँडब्रेक मागच्या बाजूलाच पकडतो; ती चाके अधांतरी झाली की गाडीला थोपवणारे काही राहत नाही.

स्लाइड: इथे निवड कडक करावी

जॅकच्या बाबतीत मी सैल हाताने सल्ला देतो, स्लाइडच्या बाबतीत देत नाही. अडलेल्या जॅकला चार उपाय असतात; अडलेल्या स्लाइडवर फ्रिज, सोफा आणि ओटा बसलेला असतो.

मला सर्वांत विश्वासाची वाटते ती फरशीखालून जाणारी रॅक-पिनियनची, म्हणजे दातेरी पट्टीवर फिरणाऱ्या दातेरी चाकाची, जुनी पद्धत. एक मोटार, एक आडवा दांडा, दोन दातेरी पट्ट्या. दांड्यात मुद्दाम कमकुवत ठेवलेली पिन असते. खोली अडखळली की पिन तुटते आणि गिअर वाचतात. मोटार फिरते पण खोली जागेवर, किंवा एकच बाजू सरकते, असे दिसले तर आधी ती पिन पाहावी. मोटार जळाली तरी तिचा ब्रेक सोडवून हँडलने खोली आत घेता येते. वेळ लागतो, घाम निघतो, पण एकट्या माणसाला जमते.

याच्या अगदी उलट टोकाला भिंतीत बसवलेली श्विन्टेक पद्धत आहे, जिची कंपनी २०१० मध्ये लिपर्ट या मोटरहोमचे सुटे भाग बनवणाऱ्या अमेरिकी कंपनीने घेतली. दोन्ही उभ्या कडांना एकेक छोटी मोटार, ॲल्युमिनियमच्या दातेरी पट्ट्या आणि दोघींना एका चालीत ठेवणारा नियंत्रक. वजन कमी, फरशीखालची जागा मोकळी, म्हणून उत्पादकांना ती आवडते. पण दोन मोटारींची चाल बिघडली, की खोली तिरकी होते आणि नियंत्रक दिवा लुकलुकवून थांबतो. अर्ध्यावर बटण सोडण्याची सवय हे त्याचे एक मोठे कारण आहे. खोली पूर्ण बाहेर किंवा पूर्ण आत गेल्यावरही मोटारी आपणहून थांबेपर्यंत बटण दाबून ठेवले, की दोन्ही बाजू पुन्हा जुळतात. ही एवढी शिस्त पाळणाऱ्यांच्या स्लाइड वर्षानुवर्षे चालतात. नियंत्रक साथ देत नसेल, तर मोटारी पट्टीतून मोकळ्या करून तीन-चार जणांनी खोली समांतर ढकलावी लागते. बेडरूमच्या उथळ, हलक्या स्लाइडला मी ही पद्धत मान्य करतो. स्वयंपाकघराचे वजन वाहणारी खोल स्लाइड तिच्यावर असेल, तर ती गाडी किंमत बरीच उतरल्याशिवाय घेऊ नये असे माझे मत आहे.

दोऱ्यांवर, म्हणजे पोलादी केबलांवर चालणारी पद्धत मधली म्हणता येईल. एक मोटार, साखळी आणि चारही कोपऱ्यांना जाणाऱ्या केबली. ताण नटांनी कमी-जास्त करता येतो आणि उसवलेले धागे डोळ्यांना दिसतात, म्हणून तुटण्याआधी सूचना मिळते. ती सूचना पाहण्याची सवय मात्र मालकाला असली पाहिजे.

हायड्रॉलिक स्लाइड मोठ्या गाड्यांतील जड, लांबलचक भिंतींसाठीच योग्य आहे. तिचा एक दोष विकणारा सांगत नाही: व्हॉल्व्ह आतून झिरपत असेल, तर प्रवासात खोली इंच-दीड इंच बाहेर येते. शिवाय अनेक गाड्यांत जॅक आणि स्लाइड यांचा पंप एकच असतो, म्हणजे तो गेला की दोन्ही एकदम जातात. परतीची वाट असते, कारण योग्य व्हॉल्व्ह उघडून पंपाची मोटार ड्रिलने फिरवता येते, पण त्यासाठी पंप हाताशी हवा. काही गाड्यांत तो सामानाच्या कप्प्यात दार उघडताच दिसतो. काहींत तो असा बसवलेला असतो, की आधी निम्मा कप्पा रिकामा करून आडवे पडावे लागते.

गाडी पाहायला गेल्यावर

वर्षाला दोन सहली करणाऱ्या कुटुंबाने क्लास सी, रॅक-पिनियनची एक स्लाइड आणि विजेचे जॅक किंवा नुसते ठोकळे, असा शोध घ्यावा. निवृत्तीनंतर महिनोन्‌महिने गाडीत राहणार असाल आणि क्लास ए हवीच असेल, तर हायड्रॉलिकला घाबरू नये, फक्त पंप कुठे आहे ते पाहूनच पैशाचे बोलावे.

पाहायला जाताना मल्टीमीटर आणि टॉर्च सोबत घ्यावा. प्रत्येक स्लाइड लागोपाठ दोनदा बाहेर-आत करून पाहावी, कारण पहिल्या फेरीत लपलेली थकलेली बॅटरी दुसऱ्या फेरीत उघडी पडते. दोन्ही बाजूंची फट सारखी आहे का, रबरी पट्टी दुमडली आहे का, आणि स्लाइडच्या कोपऱ्याजवळची फरशी टाचेखाली दबते का, हे तपासावे. दबत असेल तर पाणी मुरलेले आहे, आणि मग यंत्रणा कितीही चांगली असली तरी ती गाडी सोडावी. जॅक टेकवून तास-दोन तास गप्पा माराव्यात आणि निघताना पाणसळ पुन्हा पाहावी. शेवटी मालकाला विचारावे, की वीज गेली तर ही खोली हाताने आत कशी घ्यायची, ते हँडल कुठे ठेवले आहे. त्याने ते लगेच काढून दाखवले तर बोलणी पुढे न्यावीत. शोधू लागला तर किंमत पाडून मागावी.