छोट्या जाहिराती: वर्षभर वापरून झाल्यावर (आणि ‘मो.’ हा शब्द धरायचा का?)

जूनमध्ये पेपरात दिलेल्या छोट्या जाहिरातीत माझ्या मोबाइल नंबरातल्या १ चा ९ झाला. विद्यानगरच्या कॉलेजांचे प्रवेश सुरू, माडीवरच्या दोन खोल्या रिकाम्या, जाहिरात अंकात दिसतेय आणि फोन मात्र एकही नाही. सासूबाईंनी चष्मा पुसून एकेक आकडा मोठ्याने वाचला तेव्हा उलगडा झाला. त्या चुकीच्या नंबरावर मीच फोन लावला. पलीकडचे गृहस्थ हॅलोसुद्धा न म्हणता वस्सकन ओरडले, “गेली हो खोली, गेली!” सकाळपासून फोन घेऊन इतके कावले होते की त्यांनी परस्पर माझी खोली देऊन टाकली होती. त्यांना काय बोलणार? मी त्यांच्या जागी असते तर हेच केलं असतं.

गेलं वर्षभर मी मलकापुरात, म्हणजे कराडला लागूनच, राहून छोट्या जाहिरातींवर घरघंटी विकली, सासऱ्यांची स्कूटर विकली, माडी भाड्याने दिली आणि पिकोफॉलचं एक जुनं मशीन पाटणहून विकत आणलं. जाहिरात कुठे द्यायची, पावती कशी घ्यायची हे सगळ्यांना माहीत असतं, त्यात वेळ घालवत नाही. वर्तमानपत्रांची नावंही घेत नाही. मला बोलायचंय ते शब्द मोजण्यावर, कारण माझे पैसे तिथे जातात.

आमच्या इथला दर २० शब्दांना ३०० रुपये, पुढे प्रत्येक शब्दाला १२, वर ५ टक्के जीएसटी. घरघंटीचा मजकूर लिहून नेला: विकणे आहे, घरगुती घरघंटी, १ एचपी मोटर, चालू स्थितीत, दोन वर्षे वापरलेली, किंमत समक्ष ठरेल, संपर्क मलकापूर, ता. कराड, जि. सातारा, मो. अमुक अमुक. माझ्या हिशोबाने अठरा शब्द. काउंटरवरच्या मुलाने पेन टेकवत टेकवत तेवीस मोजले. ‘ता.’ एक, ‘जि.’ एक, ‘मो.’ एक, ‘विकणे’ एक, ‘आहे’ एक. मी म्हटलं, अरे, तुमच्या पानावर वर मोठ्या अक्षरांत ‘विकणे आहे’ असा मथळा छापलेलाच असतो, त्याच्याखाली मी परत ‘विकणे आहे’ कशाला म्हणू? तर म्हणे, “मग खोडा की, ताई.” ते मी खोडलं. पण ‘मो.’वर तो हटेना. टिंब दिलेलं एक अक्षर हा शब्द कसा होतो, हे मला आजतागायत कुणी समजावून सांगितलेलं नाही. दहा आकडी नंबर बघून माणूस त्याला मोबाइल समजणार नाही तर काय रेल्वेचं तिकीट समजणार?

तेव्हापासून मी ‘मो.’ लिहीत नाही. ‘संपर्क’ही नाही. ‘किंमत समक्ष’ तर कधीच नाही, कारण किंमत समक्षच ठरते, छापा किंवा नका छापू. ‘ता.’ आणि ‘जि.’ यांचीही गरज नाही. सातारा जिल्ह्याच्या पानावर कराड कुठल्या जिल्ह्यात आहे हे सांगायला मी १२ रुपये मोजणार नाही. आपली भाषा इथे खूप साथ देते. ‘माडीवरील’, ‘विद्यार्थिनींसाठी’, ‘सुस्थितीतील’ हे एकेकच शब्द. ‘चालू स्थितीत’ दोन होतात. मी एकदा ‘स्वतंत्रप्रवेशद्वारासह’ असं जोडून लिहिलं, तर त्या मुलाने शांतपणे मध्ये उभी रेघ मारून त्याचे दोन केले. ‘मलकापूर-कराड’ मात्र आडव्या रेघेने एकात खपलं. हे त्याचं कुठलं व्याकरण आहे ते त्यालाच ठाऊक, पण मला १२ रुपये सुटले.

आता नंबराचं. दुरुस्तीसाठी ऑफिसात गेले तर पावती उलटी करून दाखवली. मागे बारीक टायपात छापलेलं होतं की चूक झाल्यास त्याच दिवशी कळवावं, जाहिरात एकदा पुन्हा विनामूल्य छापली जाईल, याउपर जबाबदारी नाही. म्हणजे पैसे परत नाहीत. प्रवेशाचा आठवडा गेला त्याची भरपाई कोण देणार, यावर उत्तर, “हस्ताक्षर वाचलं नसेल नीट.” माझं अक्षर स्वच्छ आहे. खरी गोष्ट अशी की मराठी १ आणि ९ हाताने लिहिले की घाईत सारखेच दिसतात, ५ आणि ६ सुद्धा, आणि टाइप करणारा माणूस जिल्ह्याच्या गावी बसून पन्नास गावांचे कागद बघत असतो. त्यात फॉर्मचा पाठवलेला फोटो तिरका. उपाय सोपा आहे: नंबर इंग्रजी आकड्यांत लिहून द्या, खाली तोच अक्षरात लिहा (अक्षरातला मोजायचा नाही असं आधी बजावून), आणि पान छापायला जाण्याआधी छपाईचा मजकूर व्हॉट्सॲपवर मागवा. देतात. न मागितला तर देत नाहीत.

इथवर वाचून वाटेल की मी छोट्या जाहिरातींच्या विरोधात आहे. घरघंटीपर्यंत होतेही. मोबाइलवरच्या फुकट ॲपांवर टाकून बघितलं होतंच. तिथे दिवसभर “लास्ट प्राइस?” एवढाच मेसेज येतो, आपण उत्तर दिलं की समोरचा गायब. एकाने तर वस्तू न बघता पैसे पाठवतो म्हणून सांगितलं आणि मला क्यूआर स्कॅन करून पिन टाकायला लावत होता. पैसे घ्यायला पिन लागत नाही, तो फक्त द्यायला लागतो, एवढं मला माहीत होतं म्हणून वाचले. पेपरची जाहिरात वाचणारा माणूस वेगळाच. तो सकाळी सातला फोन करतो, आधी गाव विचारतो, मग आडनाव, मग दुपारपर्यंत बायकोला घेऊन दारात हजर. घासाघीस करतो, पण समोर बसून, चहा पीत. घरघंटी घेणारे ओगलेवाडीचे होते. दळण दळून दाखवा म्हणाले, ज्वारी स्वतः घेऊन आले होते, पीठ बोटांत चोळून बघितलं आणि नोटा मोजल्या. मला हे आवडलं.

मग मी दुसऱ्या एका पेपरात स्कूटरची जाहिरात दिली आणि माझं शब्दांचं सगळं शास्त्र कोसळलं. तिथे शब्दांवर नाही, ओळीवर दर. ओळ अरुंद, जेमतेम चार शब्दांची. आता माझा लाडका ‘सुस्थितीतील’ ओळीत मावत नाही, खाली सरकतो आणि वर रिकामी जागा सोडतो, जिचे पैसे मी भरते. ओळीच्या दरात आखूड शब्द हवेत: ‘चांगली’, ‘एकहाती’, ‘कागद पूर्ण’. शब्दांच्या दरात लांब. त्यामुळे मी आता प्रत्येक मजकूर दोन प्रकारे लिहून ठेवते. घरात यावरून हसतात. हसू देत. ओळीचा दर पावतीवर महाग वाटतो, पण मजकूर नीट कापला तर पाच ओळींत २२५ रुपयांत काम होतं, म्हणून ‘शब्दांचाच दर बरा’ हे माझं आधीचं मत मी मागे घेते.

स्कूटरच्या वेळी एक कळलं: कुठला शब्द खर्चायचा हे वस्तूवर ठरतं. फोन करणारा प्रत्येक जण पहिला प्रश्न विचारायचा, “पासिंग आहे का?” खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, ती संपली की आरटीओत नूतनीकरण, पर्यावरण कर, सगळी कटकट. सासऱ्यांनी ते आधीच करून ठेवलं होतं. दुसऱ्या वेळी ‘पासिंग झालेली’ एवढं घातलं आणि रिकामे फोन निम्म्यावर आले. विकताना मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या, पण कोऱ्या फॉर्मवर नाही. घेणाऱ्याचं नाव, पत्ता, तारीख भरून घेतल्यावरच सासऱ्यांनी पेन उचललं. विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, ते आम्ही कळवलं. गाडी नावावरून उतरली की नाही हे मी ऑनलाइन बघत राहिले आणि घेणाऱ्याला फोन करून करून भंडावून सोडलं. गाडी विकणारे पुष्कळ जण इथेच ढिले पडतात, आणि पुढे दंडाच्या पावत्या जुन्या मालकाच्या मोबाइलवर येतात.

दिवस कुठला निवडता यावर तर सगळंच अवलंबून. पितृपंधरवड्यात पैसे भरून जाहिरात देणं म्हणजे दानधर्म. वाहन विकायचं तर दसरा-पाडव्याच्या आठवडाभर आधी. ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या जाहिराती बघा, हंगाम संपून ऊसतोड थांबली की पान भरून येतात. घेणारे मात्र उसाचं बिल खात्यावर पडलं की फोन करतात. आवृत्तीचंही असंच. आम्ही जिल्ह्याच्या टोकाला. शिराळा, कडेगाव आम्हाला जवळ, पण तो सांगली जिल्हा, तिथे वेगळं पान जातं. स्कूटरला फलटणहून फोन येऊन काय उपयोग? तो माणूस येणार नाही. शिराळ्याचा आला असता, पण त्याला जाहिरात दिसली नाही. दोन्ही पानांचा एकत्र दर विचारला तर मिळतो, फलकावर लिहिलेला नसतो.

खोल्यांच्या जाहिरातीला सगळ्यात आधी फोन येतात एजंटांचे. “आमच्याकडं पार्टी रेडी आहे, एका महिन्याचं भाडं द्या.” म्हणून ‘एजंट क्षमस्व’ या दोन शब्दांचे २४ रुपये मी न कुरकुरता देते. वर्षभरात न कुरकुरता दिलेले तेवढेच. तरी एक जण म्हणालाच, “मी एजंट नाही, मी फक्त जागा दाखवतो.” काही घरमालक ‘शाकाहारी’, ‘फक्त अमुक समाज’ यावर शब्द उधळतात. मला विद्यार्थिनी हव्या होत्या, खाली मी आणि सासूबाई असतो म्हणून. त्या काय खातात याच्याशी मला कर्तव्य नाही, ओटा पुसला की झालं.

भाडेकरारावर मात्र मी ताणून धरते. मुलींचे वडील म्हणाले, स्टॅम्पवर लिहून नोटरी करू, अकरा महिन्यांचाच तर आहे. आपल्या राज्यात तसं चालत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृतच लागतो, मुदत कितीही असो, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय वाद झाला तर तोंडी अटींबाबत भाडेकरूचंच म्हणणं खरं धरतात. एकूण भाड्यावर पाव टक्का मुद्रांक, वर नोंदणी फी, अंगठे घरबसल्या घेतात. हा खर्च अर्धा अर्धा केला. पोलीस ठाण्यात माहितीही दिली.

त्याच पानावर खाली असतात त्या ‘मोबाइल टॉवरसाठी जागा पाहिजे, लाखो रुपये ॲडव्हान्स’ वगैरे. ट्राय, म्हणजे दूरसंचार नियामक, टॉवर उभारायला ना हरकत प्रमाणपत्र देतच नाही, हे त्यांनीच जाहीर सांगितलेलं आहे. तरी त्यांच्या नावाचं पत्र दाखवून आधी ‘प्रोसेसिंग फी’ मागतात. पानाच्या तळाशी चौकटीत लिहिलेलं असतं की मजकुराची खातरजमा वाचकांनी करावी. माझा ‘मो.’ मोजायला माणूस आहे, ही खातरजमा करायला नाही! याचा मला नंबराच्या चुकीपेक्षा जास्त राग येतो.

पिकोफॉलचं मशीन मी उलट्या बाजूने घेतलं, म्हणजे ‘पाहिजे’मध्ये जाहिरात देऊन. हे फार कमी लोक करतात, आणि माझ्या मते हाच सगळ्यात स्वस्त सौदा. विकणाऱ्याने जाहिरात दिली की त्याला दहा फोन जातात आणि तो भाव खातो. आपण ‘पाहिजे’ म्हटलं की ज्याच्याकडे कोपऱ्यात पडून आहे असाच माणूस फोन करतो, त्याला जागा मोकळी करायची असते. पाटणच्या बाईंनी मोटर, टेबल आणि रिळांचा डबा सगळं धरून साडेचार हजार सांगितले, मी चार दिले. फूटपेडलची वायर बदलावी लागली. बाकी दिवसभर चालतंय.

घरघंटी जाऊन दोनेक महिने झाले होते तेव्हा उंब्रजहून एकाचा फोन आला, घरघंटी आहे का म्हणून. जाहिरात आता कुठे वाचलीत विचारलं, तर किराणा दुकानात फळीवर अंथरलेल्या पेपरात. विकली म्हटल्यावर ठेवून देईल असं वाटलं, पण तो म्हणाला, “मग दुसरं काही काढायचं आहे का?” माडीवरची लोखंडी कॉट होती, मुलींना नको होती. साडेसातशेला गेली. न्यायला छोटा हत्ती टेम्पो त्यानेच आणला.