पिकअप गेला म्हणून 31,000 घालवले, फॉल्ट भलताच निघाला

माझी 2007 ची पेट्रोल वॅगनआर. आयडलिंगला शांत, पण अडीच-तीन हजार आरपीएमच्या पुढे कुणीतरी मागून धरून ठेवल्यासारखी. खंबाटकी चढताना दुसऱ्या गिअरवरही ओढेना, मागे ट्रकचे हॉर्न, शेजारी आई. ओळखीतल्याने सांगितलेल्या गॅरेजला टाकली.

तिथल्या मेकॅनिकने स्कॅनर लावला, एकही फॉल्ट कोड आला नाही, हे मी स्वतः पाहिलं. तरी म्हणतो, साहेब, ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) गेलाय. तिथेच, अगदी तिथेच मी विचारायला पाहिजे होतं की बाबा, फ्युएल प्रेशरचा गेज लावलास का, कॉम्प्रेशन बघितलंस का! नाही विचारलं. मी काही मेकॅनिक नाही, आईला डायलिसिसला आठवड्यातून दोनदा न्यावं लागतं, गाडी दारात हवीच, अशा वेळी माणूस विश्वास ठेवणारच ना.

फ्युएल पंप 6,800, इंजेक्टर क्लीनिंग 2,400, नवीन ईसीएम 17,500, लेबर 4,300. एकूण 31,000, सगळे रोख. जुने पार्ट मागितले तर म्हणे कंपनीला परत जातात. तुम्ही मात्र जुने पार्ट हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका. ट्रायल सपाट रस्त्यावर दिली, वर सांगितलं सेट व्हायला 500 किलोमीटर लागतील. चढावर ट्रायल घ्या, सपाटीला काही कळत नाही.

700 किलोमीटरनंतरही तेच. दुसऱ्या मेकॅनिकने धुराच्या पाइपवरचा पुढचा ऑक्सिजन सेन्सर काढला, त्या भोकातून धुराला वाट मिळाली आणि आवाज भयंकर, पण गाडी चढावर सुसाट! त्याच्या पुढचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धूर साफ करणारा जाळीचा डबा, चोक झालेला. जुन्या प्लगमुळे मिसफायर, न जळलेलं पेट्रोल तिथे जाऊन पेटतं आणि आतली जाळी वितळते. हे शोधायला वीस मिनिटं, 300 रुपये. आणि ईसीएमवर वर्षांची धूळ, बोल्टला पानासुद्धा लागलेला नाही! म्हणजे 17,500 सरळ खिशात.

पोलिसांकडे गेलो तर हे दिवाणी प्रकरण, आमच्याकडे येत नाही. आरटीओत विचारलं तर गॅरेज आमच्या अखत्यारीत नाही. परत चौकीत, तर साहेब बंदोबस्ताला, उद्या या. तीन रजा गेल्या, एकाने साधा अर्ज घेऊन पोच दिली नाही. मग जायचं कुठे सामान्य माणसाने? ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंत फी नाही, पण माझ्याकडे पक्कं बिल नाही, नुसता गॅरेजवाल्याच्या हातचा कागद. जीएसटी नंबर असलेलं बिल घ्याच, थोडे पैसे जास्त गेले तरी चालेल. तोच कागद आणि धुळीच्या ईसीएमचे फोटो जोडून सोमवारी तक्रार टाकतोय.