माउसचा बाण मोठा आणि केशरी केला, त्याला सात महिने झाले

माझ्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, डाव्याचं व्हायचंय. वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या घरात लॅपटॉप खिडकीशी असतो आणि सकाळचं ऊन थेट स्क्रीनवर येतं. सोसायटीचा हिशेब लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये, म्हणजे एक्सेलसारख्या तक्त्यांच्या प्रोग्रॅममध्ये. पांढऱ्या पानावर पांढरा बाण! हरवला की माउस गरागरा फिरवायचा, नाहीतर डावीकडच्या वरच्या कोपऱ्यात नेऊन आपटायचा आणि तिथून बोट धरून परत आणायचा.

विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही ऑपरेटिंग सिस्टिम वापरतो. तिचा डेस्कटॉप, म्हणजे खिडक्या-मेनूंचा दर्शनी भाग, सिनॅमन. नेहमीचा बाण २४ पिक्सेलच्या चौकटीत बसतो. माझ्या १४ इंची फुल एचडी स्क्रीनवर ती चौकट जेमतेम चार मिलिमीटरची, बाण त्याहून बारीक.

सेटिंग्जमध्ये 'माउस अँड टचपॅड' उघडलं की पॉइंटरच्या, म्हणजे बाणाच्या, आकाराची पट्टी आहे. उत्साहात ती शेवटपर्यंत ओढली. बाण कसला, नांगराचा फाळ! क्लिक होतं ते फक्त टोकानं, बाकीचं धड खालच्या ओळींवर पसरतं. एकाचा मेंटेनन्स दुसऱ्याच्या नावावर चढवला तो त्याच दिवशी. मग पट्टी मागे आणली, साधारण ४८ पिक्सेलवर. आकड्यांच्या कामाला याहून मोठा नको.

खरा फरक पडला तो रंगानं. थीमच्या यादीत बिबाटा नावाचे बाण आहेत: क्लासिक काळा, आइस पांढरा, अँबर केशरी. काळा कॅल्कमध्ये छान दिसे, पण मेल मी डार्क थीममध्ये वाचतो, तिथे नुसता पांढरा काठ उरे. केशरी दोन्हीकडे उठून दिसतो. आधी रंग बदलला असता तर आकाराशी एवढी झटापट झालीच नसती.

मजकुरावर गेलं की बाणाची उभी काडी होते, ती मात्र मोठी करूनही सडपातळच. तिथे कंट्रोल की दाबल्यावर पॉइंटरची जागा दाखवण्याची सोय कामाला येते. ती त्याच माउसच्या सेटिंग्जमध्ये चालू करावी लागते. (टाइप करताना लुकलुकणारी रेघ ही वेगळी गोष्ट, तिच्यावर याचा काही परिणाम नाही. मी दोन दिवस तिलाच जाड करायला निघालो होतो.)

तक्रार एकच. फ्लॅटपॅकमधून (लिनक्सवर अ‍ॅप बसवण्याची एक वेगळी पद्धत) घेतलेलं एक अ‍ॅप आहे, त्याच्या खिडकीत शिरताच बाण पुन्हा जुना, चिमुकला. बाहेर आलं की केशरी. लॉग आउट करून पाहिलं, फरक नाही.

भाचा सयाजीराव विद्यापीठात शिकतो, त्याच्याकडे केडीई प्लाझ्मा हा लिनक्सचा दुसरा डेस्कटॉप. "मामा, हे बघा," म्हणून त्यानं माउस नुसता भराभर इकडेतिकडे हलवला आणि बाण फुग्यासारखा फुगला, थांबल्यावर पूर्ववत. प्लाझ्मा ६.१ पासून, म्हणजे २०२४ पासून, हे आहे म्हणे. हेवा वाटला, पण एवढ्यासाठी डेस्कटॉप बदलणार नाही.

गेल्या मीटिंगला प्रोजेक्टरवर जमाखर्च दाखवला. मागच्या रांगेतून आवाज आला, "काका, आ केसरी तीर क्यांथी लाव्या?" (हा केशरी बाण कुठून आणलात?) डाव्या डोळ्याचं झालं की पट्टी एक घर मागे घेऊन बघेन. रंग राहू देणार.