प्लांटयूएमएल: यूज केसचा नकाशा चोख, मजकूर मात्र तुम्हीच लिहायचा

यूज केस डायग्राम, म्हणजे सिस्टीम कोणासाठी कोणती कामे करते याचे चित्र, काढायला प्लांटयूएमएल घ्यावे का? जरूर घ्यावे. पण ते रिक्वायरमेंट (सिस्टीमने नेमके काय करावे याचा मजकूर) लिहून देईल या भरवशावर घेऊ नये.

2009 पासून असलेले हे मोफत, ओपन सोर्स साधन माउसने आकृत्या ओढायला लावत नाही. अॅक्टरचे (सिस्टीम वापरणाऱ्या व्यक्तीचे किंवा बाहेरच्या सिस्टीमचे) नाव दोन कोलनच्या मध्ये, यूज केसचे (त्याला हव्या असलेल्या कामाचे) नाव साध्या कंसात आणि मधे बाण एवढे टाइप केले की चित्र तयार. सिस्टीमची सीमा दाखवायला रेक्टँगल. फाइल साध्या मजकुराची असल्याने गिट या बदल नोंदवणाऱ्या साधनात कोणी कोणता यूज केस वगळला ते ओळीनिशी दिसते, आणि मला याचा सर्वांत मोठा फायदा हाच वाटतो. चालवायला जावा लागते, मांडणीसाठी ग्राफविझ हा वेगळा प्रोग्रॅम. ग्राफविझ टाकता येत नसेल तर सोबत येणारे स्मेटाना इंजिन वापरा.

मांडणी साधन स्वतः ठरवते. दहा-बारा यूज केस झाले की रेषा एकमेकींवर चढतात. 'लेफ्ट टू राइट डायरेक्शन' ही ओळ वर टाकली की बरेच काम होते. तरीही गर्दी राहिली तर बाणांशी झटापट न करता अॅक्टरनुसार डायग्राम वेगळे करा. पीएनजी चित्र 4096 पिक्सेल रुंदी-उंचीपाशी कापले जाते. मर्यादा वाढवता येते, पण एवढे मोठे चित्र मीटिंगमध्ये कोणी वाचत नाही.

खरी अडचण पुढे आहे. हे साधन चित्र काढते, अर्थ तपासत नाही. एका ओळीत 'प्रवासी' आणि दुसरीत 'प्रवाशी' लिहिले तर एररशिवाय दोन अॅक्टर उभे राहतात. म्हणून प्रत्येक अॅक्टर सुरुवातीलाच घोषित करून त्याला छोटे उपनाव द्या आणि पुढे तेच वापरा. बाण उलटा पडला तरी ते गप्प राहते. इन्क्लूडचा (एक यूज केस दुसऱ्याला नेहमी सोबत घेतो तेव्हाचा) बाण मूळ यूज केसकडून समाविष्ट यूज केसकडे जातो, तर एक्स्टेंडचा (अटीनुसार जादा काम जोडले जाते तेव्हाचा) विस्ताराकडून मूळ यूज केसकडे. रिव्ह्यूमध्ये आधी हेच बघावे.

मराठी लेबले चालतात, पण फाइल यूटीएफ-8 मध्ये जतन करा आणि कमांडमध्येही कॅरसेट (अक्षरांचे एन्कोडिंग) तोच द्या, नाहीतर विंडोजवर अक्षरांचा चुराडा होण्याची शक्यता असते. देवनागरी असलेला फॉन्ट नावानिशी सांगा. एसव्हीजी या वेक्टर चित्रप्रकारात मजकुराची रुंदी आधीच ठरवलेली असते. वाचणाऱ्याकडे तो फॉन्ट नसेल तर अक्षरे ताणलेली किंवा चेपलेली दिसतात. क्लायंटला पीएनजी पाठवा.

आता मजकूर. बस आरक्षणात 'आसन आरक्षित करणे' हा यूज केसचा एक लंबगोल काढून सिस्टीम कळत नाही. यूज केसला क्रमांक देऊन त्याच क्रमांकाची मार्कडाउन (साध्या मजकुराची) फाइल शेजारी ठेवा: मुख्य अॅक्टर, पूर्वअट, ट्रिगर (काम सुरू करणारी घटना), तीन ते नऊ पायऱ्यांचा मुख्य प्रवाह, पर्यायी प्रवाह, आणि काम फसले तरी सिस्टीम पाळेल ती किमान हमी. समजा पाचवी पायरी आहे 'सिस्टीम पेमेंट गेटवेकडून खात्री घेते'. तिचे पर्यायी प्रवाह असे. 5अ: उत्तर ठरलेल्या वेळेत आले नाही. 5अ1: सिस्टीम आसन राखून ठेवते आणि व्यवहार 'प्रलंबित' नोंदवते. 5अ2: गेटवेला पुन्हा विचारते. 5ब: पैसे कापले गेले, पण राखलेले आसन दरम्यान हातचे गेले. ही 5ब लिहिली नाही तर परतावा कोणी सुरू करायचा हे डेव्हलपर स्वतःच्या अंदाजाने ठरवतो, आणि टेस्टरकडे त्याची टेस्ट केसच नसते. पायऱ्यांत 'बटण दाबतो', 'ड्रॉपडाउन उघडतो' असे लिहू नका. स्क्रीन बदलली की सगळे पुन्हा लिहावे लागते. 'तारीख देतो' पुरेसे आहे.

प्लांटयूएमएलचा ऑनलाइन सर्व्हर पटकन करून बघायला उत्तम. मात्र तिथे तुमचा पूर्ण मजकूर लिंकमध्येच एन्कोड होऊन जातो, ते एन्क्रिप्शन नव्हे. लिंक हाती आली की कोणीही मूळ मजकूर वाचू शकतो. क्लायंटचे गोपनीय काम असेल तर प्लांटयूएमएलची जार (जावा प्रोग्रॅमची) फाइल आपल्याच मशीनवर चालवा, किंवा कंपनीच्या नेटवर्कमध्ये स्वतःचा सर्व्हर उभारा.