तळ्यातला गाळ ओढणारं घरगुती यंत्र: बऱ्याच महिन्यांच्या वापरानंतर

यंत्र गाळ ओढतं का, हा प्रश्न पहिल्याच दिवशी मिटला. ओढतं, आणि भरपूर ओढतं. पुढचे महिने गेले ते पाण्याचा हिशोब जुळवण्यात, त्यामुळे हा अनुभवही बराचसा त्याबद्दलच आहे.

आधी रचना सांगतो. जाड भिंतीचा, लोखंडी कड्याने आवळून झाकण बसणारा 40 लिटरचा ड्रम. त्याच्या तळाशी सबमर्सिबल पंप. वरच्या बाजूला टँक निपल (टाकीला पाइप जोडायचा आट्यांचा तुकडा) बसवून त्याला 38 मिलिमीटरचा सक्शन पाइप, आणि आत त्याच निपलच्या तोंडाला नायलॉनच्या जाळीची पिशवी बांधलेली. पंप ड्रममधलं पाणी बाहेर फेकतो, ड्रम बंद असल्याने आत दाब कमी होतो आणि ती जागा भरायला तळ्याच्या तळाचं पाणी गाळासकट पाइपातून येतं. पानं, काड्या, शेवाळाचे गुंते पिशवीत अडकतात. पंपापर्यंत फक्त बारीक गाळ पोहोचतो, म्हणून पंप चोक होत नाही. पिशवी पंपाला चिकटू नये म्हणून पंपावर भोकांची प्लास्टिकची टोपली उपडी घातली आहे. एवढी साधी गोष्ट, पण तिच्याशिवाय बाकीचं सगळं व्यर्थ.

ओलं-सुकं दोन्ही ओढणारा व्हॅक्यूम क्लीनर असताना हा खटाटोप कशाला, असं कोणीही विचारेल. तळं अगदी लहान असेल तर तोच वापरा. पण त्याची 20 लिटरची टाकी पाव मिनिटात भरते, मग थांबा, उचला, ओता, पुन्हा लावा. इथे पंप सलग चालतो. आणि बागेला उतार असेल, म्हणजे पाइपाचं बाहेरचं टोक तळ्याच्या पाण्यापेक्षा मीटरभर खाली जात असेल, तर यातलं काहीच करू नका. जाड पाइपाचा सायफन विजेशिवाय जवळपास हेच काम करतो आणि तोंडावर तळहात धरला की थांबतो. माझी बाग सपाट, म्हणून पंप.

ड्रम तळ्याच्या काठावर ठेवला की सगळ्यात जास्त छळते ती हवा. झाकणाच्या रबरातून, निपलच्या आट्यांतून, कुठून तरी ती आत शिरते, ड्रमच्या वरच्या भागात साठते आणि शेवटी पंप हवा धरतो. टेफ्लॉन टेप आणि रबरावर सिलिकॉन ग्रीस यांनी फरक पडला, पण खरा उपाय जागा बदलण्याचा निघाला. आता ड्रम तळ्याच्या आतच, कुंड्या ठेवायच्या उथळ पायरीवर ठेवतो, झाकण पाण्याखाली जाईल असा. सांध्यातून काही शिरलंच तर पाणीच शिरतं. सुरुवातीला ड्रम पाण्याने भरण्याची कटकटही संपली. पंपाची वायर पाण्यातून जाते, त्यामुळे जोडणी 30 मिलिअँपिअरच्या आरसीसीबीमधूनच (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच), आणि पंप चालू असताना तळ्यात हात किंवा पाय घालायचा नाही. यात सूट नाही.

ड्रम जाड का हवा, तेही सांगतो. 35 सेंटिमीटर व्यासाच्या झाकणावर फक्त एक मीटर पाण्याइतका दाबाचा फरक आला तरी सुमारे 95 किलोचा भार पडतो. नोझल, म्हणजे सक्शन पाइपाचं तळावर फिरवायचं तोंड, तळाच्या लायनरला (तळ्याच्या अस्तराला) चिकटलं किंवा पानांनी बुजलं की हा फरक झरझर वाढतो. पातळ बादली तिथेच आत चेपेल. याच कारणाने सक्शन पाइपही तारेच्या किंवा कडक वळ्यांचा लागतो. बागेला पाणी घालायचा नळीपाइप आत दबून चपटा होतो.

आता पाणी. पंपाच्या खोक्यावर तासाला 10,000 लिटर छापलेलं आहे. उंची, पाइप, वळणं धरून प्रत्यक्षात काय मिळतं ते 20 लिटरची बादली लावून पाहिलं तर साधारण 15 सेकंदांत भरते, म्हणजे मिनिटाला 80 लिटर. 38 मिलिमीटरच्या पाइपात हा वेग सेकंदाला सव्वा मीटरच्या आसपास येतो. काळा गाळ तर सोडाच, हरभऱ्याएवढे खडेही वर येतात. पण 5,000 लिटरच्या तळ्यातून दहा मिनिटांत 800 लिटर, म्हणजे 16 टक्के पाणी गेलं! माशांच्या दृष्टीने एका वेळी एवढंच पुरे. त्याहून जास्त काढलं की तेवढंच ताजं पाणी भरावं लागतं, तापमान बदलतं, आणि नळाच्या पाण्यातला क्लोरीन सोडियम थायोसल्फेटने आधी मारावा लागतो.

मग ओढलेलं पाणी गाळून परत तळ्यात का सोडू नये? सोडतो, पण सगळं नाही. वरवरच्या कुजक्या पानांचं पाणी 200 मायक्रॉनच्या पिशवीतून परत जातं. थोडं गढूळ दिसतं आणि एक-दोन दिवसांत फिल्टर ते निवळतो. तळाचा काळा थर वेगळा. तिथे ऑक्सिजन पोहोचत नाही, कुजक्या अंड्यासारखा वास येतो तो हायड्रोजन सल्फाइडचा, आणि अमोनियाही असतो. दोन्ही माशांना विषारी आणि कुठल्याही जाळीत न अडकणारे. ते पाणी थेट झाडांना. झाडं त्यावर खूश आहेत, हे वेगळं सांगायला नको.

म्हणून आता तळ्याचे मनातल्या मनात तुकडे पाडले आहेत. एका वेळी एकच तुकडा, दहा मिनिटांच्या आत, आणि त्याच दिवशी फिल्टर धुवायचा नाही. अमोनिया पचवणारे जिवाणू फिल्टरमध्ये आणि तळाच्या पृष्ठभागावर राहतात. दोन्हीकडून एकदम हाकलले तर पुढचे काही दिवस मासेच भोगतात. पूर्वी नुसत्या जाळीने तळ ढवळायचो तेव्हा अख्खं तळं काळं व्हायचं. आता नोझल हळू सरकवलं तर कोई मासे शेजारून निवांत फिरतात, उलट खाऊ समजून नोझलपाशी येतात.

नोझल म्हणजे पीव्हीसी पाइप गरम करून चपटा केलेला तुकडा. फट 10 सेंटिमीटर लांब आणि एक सेंटिमीटरहून किंचित जास्त रुंद. तिचं क्षेत्रफळ पाइपाच्या छेदाएवढं राहिलं पाहिजे; मोठं झालं की ओढ मरते, लहान झालं की बुजतं. कडा घासून त्यावर उभी चिरलेली रबरी नळी बसवली आहे, लायनर फाटू नये म्हणून. नोझलच्या वर हातभर पारदर्शक पाइप लावला तो चैन म्हणून, पण आता तो नसता तर काम केलंच नसतं. काळं येणं थांबलं की पुढे सरकायचं, स्वच्छ पाणी उगाच ओढायचं नाही.

जमत नाही ते लांब दोऱ्यांचं शेवाळ. ते नोझलला गुंडाळतं आणि हातानेच काढावं लागतं. कमळाच्या कुंड्यांतली माती ओढली जाते, म्हणून तिथून लांब. पिल्लं आणि गोगलगायी पिशवीत येतात; पिशवी तळ्याच्याच पाण्याच्या टबात उलटून निवडतो. पिल्लांच्या दिवसांत मात्र यंत्र बंद.

काम संपताना नोझल दोन मिनिटं स्वच्छ पाण्यात धरायचं, म्हणजे ड्रममधला बारीक गाळ निघून जातो. मग पंप बंद, प्लग काढलेला, ड्रम थोडा वर उचलून झाकण पाण्याबाहेर आणायचं आणि फक्त पिशवी काढून घ्यायची. भरलेला ड्रम पूर्ण पाण्याबाहेर उचलायच्या फंदात पडू नका, 40 लिटर पाण्याचं वजनच 40 किलो होतं.