दिव्यांग खेळाडूंचं ट्रेनिंग सेंटर, जळगाव जिल्हा : सरांना पाच स्टार, हिशोबाला एक

सांगलीकडच्या सचिन खिलारींनी २०२४ ला पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये गोळाफेकीत सिल्व्हर घेतलं तेव्हापासून माझा भाचा गोळ्यामागे लागलाय, तो बसून फेकतो, म्हणून आम्ही इथं येतो. संस्थेचं नाव लिहत नाही, पोरांची प्रॅक्टिस बंद पडायला नको.

सर एक नंबर. आपल्याकडे मे महिन्यात ऊन कसं असतं माहितीये, म्हणून पहाटेच मैदानावर बोलावतात, ज्याची कंबर धरत नाही त्याला वेगळं बसवतात, ज्याचा हात कमी उचलतो त्याला वेगळं शिकवतात, कधी कोणावर ओरडणं नाही.

पण सामान बघून जीव जळतो भो. फेकायची खुर्ची म्हणजे लोखंडी फ्रेम, तिची उंची गादी धरून ७५ सेंटीमीटरच्या वर चालत नाही, आणि ती पट्ट्यांनी जमिनीला घट्ट ताणून बांधावी लागते, जरा हलली की सगळा जोर वाया. इथं दोन पट्ट्यांची कडी तुटली तर सुतळी बांधलीय! पट्टे पालकांनी आणा म्हणाले, आणले आम्ही, त्याचं काही नाही. पण हॉलमध्ये त्यांनीच फ्लेक्स लावलाय की पालिकेच्या ५ टक्के दिव्यांग निधीतून मदत मिळाली, एका कंपनीचा सीएसआर म्हणजे समाजकामाचा पैसा मिळाला. मग ते पैसे कशाला लागले? विचारलं तर म्हणे, "भाऊ, आम्ही सेवा करतो आन तुम्ही संशय घेता."

संशय कसला, पैसा पोरांच्या नावावर आलाय. ट्रस्टला दरवर्षी ऑडिट करून धर्मादाय कार्यालयात द्यावंच लागतं, तोच कागद भिंतीवर लावा ना. आणि सरकारी पैशावर मोठ्या प्रमाणात चालणारी संस्था माहिती अधिकारात येते हे सुप्रीम कोर्टानं २०१९ ला सांगितलंय. वरपासून हेच चालतं, २०१५ ला गाझियाबादच्या पॅरा नॅशनल स्पर्धेला खेळाडूंना धड संडास नव्हते, पुढे भारताची पॅरालिम्पिक कमिटी सस्पेंड झाली. भांडणं पदाधिकाऱ्यांची, टांगणीला खेळाडू.

सध्या तीन स्टार, ऑडिटची झेरॉक्स बोर्डावर लागली की त्याच दिवशी वाढवतो. पोरांना जरूर आणा, सरांसारखा माणूस मिळत नाही. देणगी दिली तर पावती घ्याच आणि तिच्यावर ट्रस्टचा नोंदणी नंबर आहे का बघा.